मशीन आपोआप दाबलं जातं

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गेम हॉलमधून पहिला फोन आला तेव्हा मी दुकानात एका मिक्सरचे कार्बन बदलत होते. पलीकडून हॉलचा मालक म्हणाला, "वहिनी, मशीन स्वतःच खेळतंय. समोर कुणी नाही आणि पत्ते उलटतायत. बायका घाबरतात, माणसं हसतात. काकांना घेऊन या."

काका म्हणजे माझे सासरे. त्यांनी मला खुणेनं फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगितलं आणि मालकाला एवढंच विचारलं, "दिसभर खेलतंय, का ठराविक टायमाला?" मालकाला ते सांगता येईना. "मंग येतो," सासरे म्हणाले. "तवर कोनी पुसू नका आन् कोनी ठोकू नका."

आमचं दुकान भिवंडीत, नाक्यावरून आत गेलेल्या गल्लीत. सासरे तरुणपणी यंत्रमागांच्या मोटरी भरायचे. मग टीव्ही शिकले, आणि शहरात गल्लोगल्ली व्हिडिओ गेमची पार्लरं होती त्या काळात ती मशिनं शिकले. ती पार्लरं गेली तरी त्यांचं नाव राहिलं. माझं माहेर दिघाशी गावात. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि सर्टिफिकेट घेऊन लग्न करून वळ गावी, सासरी आले. नवरा गोदामात सुपरवायझर, त्याची शिफ्टची ड्युटी. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात सासऱ्यांनी एकदा जेवताना विचारलं, "बाय, सोल्डर मारता येतं का गो?" येतं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर दुकानात जाऊ लागले. गावात चार लोक बोलले. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. त्याला आता बारा वर्षं झाली.

गेम हॉल म्हणजे एक जुनं, बुटकं गोदाम. मालकाच्या घरची सगळी शेती मोठ्या गोदामांखाली गेली, हे एक लहान पडलं म्हणून कुठल्या कंपनीला नको होतं. त्यात त्यानं मुंबईकडच्या एका बंद पडलेल्या मॉलमधली मशिनं आणून मांडली. गाडी चालवायची, बंदुकीची, आणि सहा टच स्क्रीनची. ही सहा जुनी, जाड पिक्चर ट्यूबवाली. कुठे दोन चित्रांतला फरक शोधायचा, कुठे पत्त्यांच्या जोड्या जुळवायच्या. दुपारी माल खाली व्हायची वाट बघणारे ड्रायव्हर तिथे येऊन बसायचे, रविवारी आसपासच्या गावांतली कुटुंबं.

आम्ही गेलो त्या दिवशी सासऱ्यांनी एक स्टूल ओढलं आणि पहिल्या मशीनसमोर नुसते बसून राहिले. मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला तर म्हणाले, "पयलं काय करायचं न्हाय, बाय. बगायचं. खोटा टच कुठं पडतोय, कवा पडतोय."

या मशिनांत काचेला बोट कळत नाही. काचेभोवती एक चौकट असते. तिच्या दोन बाजूंना बारीक दिव्यांची रांग, समोरच्या दोन बाजूंना तो उजेड घेणारे डोळे. हा उजेड आपल्याला दिसत नाही, पण काचेवर त्याचे उभे-आडवे दोरे ताणलेले असतात, मागावर ताणा-बाणा असतो तसे. बोट मधे आलं की दोन दोरे तुटतात आणि मशीनला जागा कळते. दोरा तोडणारी वस्तू बोट आहे की आणखी काही, हे मात्र त्याला कळत नाही.

"एकाच जागी दाबलं जात असंल तर तिथं कचरा, न्हायतर दिवा मेला," सासरे बघता बघता सांगत होते. "दुपारी एक आन् सकाली दुसरं असंल तर बाहेरचा उजेड. आन् कुठंबी कसंबी दाबत असंल तर करंट." मी ते वहीत लिहून घेतलं.

तिन्ही कारणं निघाली. शेजारच्या गोदामात कापडाचे तागे यायचे, त्यांची रुई उडून चौकटीच्या खालच्या खाचेत समईच्या वातीसारखी साचली होती. एका मशीनमध्ये ती वातच बोट झाली होती. रंगाच्या मऊ ब्रशनं आणि स्पिरिटनं आम्ही सगळ्या खाचा साफ केल्या. दोन मशिनं पश्चिमेच्या शटरसमोर होती. चार वाजता ऊन तिरकं आत आलं आणि ती दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत पिसाटल्यासारखी खेळू लागली. सासऱ्यांनी आपला पंचा शटरच्या फटीवर धरला, तशी ती शांत झाली. मालक टाळ्या वाजवायचाच बाकी होता. आणखी दोन मशिनांच्या प्लगची तिसरी पिन कुणीतरी कापून टाकली होती, अर्थिंगच नव्हतं. तेही लावलं.

उरलं सहावं, पत्ते जुळवायचं. त्याची चौकट साफ, उजेड नाही, अर्थिंग बरोबर. राहिलं होतं फक्त सेटिंग. म्हणजे स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत एकेक फुली येते, तिच्यावर बोट ठेवायचं, मशीन पिक् करेपर्यंत हलवायचं नाही. सासऱ्यांनी सेटिंग केलं. तिसऱ्या कोपऱ्याला मशीननं दोनदा पिक् केलं. मग पत्ता दाबून बघितला तर शेजारचाच उलटला. त्यांनी परत केलं. परत तेच.

"चौकट जुनी हाय," ते म्हणाले आणि तिसऱ्यांदा करायला लागले.

मी बाजूला टॉर्च धरून उभी होते. टॉर्चच्या उजेडात मला त्यांचं बोट दिसलं. काचेपासून कणभर अंतरावर ते पुढे-मागे होत होतं. फार नाही. शिवणाच्या मशीनची सुई अगदी हळू चालवली तर जशी दिसेल, तितकंच. पण त्या चौकटीला तेवढं पुरत होतं. बोट काचेला टेकायच्या आधीच ते दोरे तोडत होतं, दोनदा, तीनदा, शेजारच्या जागी.

मग मला एकेक गोष्ट आठवू लागली. गेल्या दिवाळीपासून ते चहा बशीत ओतत नव्हते. स्टीलच्या ग्लासात घ्यायचे आणि ग्लास दोन्ही हातांत धरायचे. बारीक स्क्रू माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "तुजं डोलं तरनं हायेत." मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी सेटिंग केलं. मिनिटभराचं काम. मशीन सुतासारखं सरळ चालू लागलं. ते परत आले तेव्हा मी म्हणाले, "बाबा, लागलं. तुमचं बरोबरच होतं. बंद करून चालू करायचं राहिलं होतं."

त्यांनी दोन पत्ते दाबून बघितले. थोडा वेळ ते मशीनकडे बघत राहिले, मग मालकाला बोलावून रुई किती दिवसांनी काढायची ते समजावू लागले. परतीच्या रिक्षात त्यांनी दोन जुन्या पार्लरांचे किस्से सांगितले. ते खुशीत होते. मी हसत होते आणि त्यांच्या हातांकडे बघत होते. हात मांडीवर होते. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, विडी वळल्यासारखा.

रात्री जेवायला वाढताना मी नवऱ्याला सांगितलं, "बाबांचा हात थरथरतो."

तो दिवसभर उभा राहून आलेला. म्हणाला, "वय झालं गं. आता होणारच."

"डॉक्टरला दाखवूया का?"

"दाखवून काय, ते दुकानात जायचे बंद होतील. घरात बसून काय करतील ते? आहे तसं चालू दे ना."

मी चालू दिलं. नवऱ्यावर ढकलत नाही. मलाही तेच सोयीचं होतं. त्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मागून जाऊन नीट करणं मला इतकं छान जमत होतं की त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता.

रुई काही एकदा काढून जात नाही. दर महिना-दीड महिन्यानं पूर्ण्याहून फोन यायचा. फॉल्ट काय आहे हे सासरे दोन मिनिटांत सांगायचे, त्यात त्यांची चूक कधीच झाली नाही. पण शेवटचं सेटिंग ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. ते करायचे, मग मी त्यांना काहीतरी निमित्तानं बाजूला पाठवायची. मालकाबरोबर चहाला, नाहीतर मेन स्विच बघायला. तेवढ्यात मी परत करायची. असं सात-आठ महिने चाललं. थरथर वाढत होती. दुकानातसुद्धा त्यांनी सोल्डर मारलेलं मी दुसऱ्या दिवशी लवकर येऊन उचकटायची आणि नव्यानं मारायची.

एक दिवस मालकानं मला बाजूला घेतलं. "वहिनी, एक बोलू? राग मानू नका. काका करतात ते तुम्ही मागून परत करता. कॅमेऱ्यात दिसतं मला. पुढच्या वेळेपासून तुम्ही एकट्याच या ना."

मला लाज वाटली. कोणाची, ते आजही नीट सांगता येत नाही. "येते," मी म्हणाले. "पण त्यांना काही बोलू नका."

त्यानंतर दोनदा मी एकटी गेले. सासऱ्यांना एकदा बँकेत जाते म्हणून सांगितलं, एकदा बाजारात. त्यांनीच एकदा विचारलं, "पूर्न्याचा फोन न्हाय आला?" मी म्हणाले, "नाही बाबा, मशिनं बरी चालतायत." ते म्हणाले, "चालनारच. नीट केलीत आपन."

मग दिघाशीला आई ओट्यावरून घसरली. पाय मोडला नाही, पण उठता येईना, म्हणून मी चार दिवस माहेरी गेले. जाताना दुकानाचा मोबाइल सासऱ्यांकडे राहिला. मालक बाहेरगावी होता. पत्त्यांचं मशीन बिघडलं, तशी हॉलवर टोकन देणाऱ्या बाईनं सरळ दुकानाला फोन लावला. सासऱ्यांना काही कळू द्यायचं नाही हे तिला माहीत नव्हतं. सासरे पिशवी घेऊन रिक्षानं एकटेच गेले.

पुढचं मला काही त्या बाईनं सांगितलं, काही त्यांनी. त्यांनी आधी स्टूलवर बसून बघितलं. खाच साफ केली. सेटिंग केलं. जमलं नाही. परत केलं. दुपारची वेळ, चार-पाच ड्रायव्हर मागे उभे राहून बघत होते. चौथ्या वेळी त्यांतला एक चांगल्या मनानंच म्हणाला, "चाचा, रहने दो. आपका हाथ काँप रहा है."

सासरे म्हणाले, "न्हाय."

टोकनवाली बाई मदतीला आली. म्हणाली, "काका, राहू द्या. मॅडम येतात ना मागून नीट करायला. त्या आल्या की करतील."

सासऱ्यांनी स्टूल बाजूला सारलं. त्यांनी मशीन मागून उघडलं. फॉल्ट आपल्या हातात नाही, ट्यूबच्या अर्थिंगमध्ये आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. कुणाला, कोण जाणे. ट्यूबच्या मागच्या टोकाला काचेची बारीक नळी असते, तिच्यावर एक सर्किटची पाटी बसवलेली असते. ती पाटी अगदी सरळ ओढावी लागते. हे त्यांनीच मला शिकवलं होतं, माझा हात हातात धरून. पाटी ओढताना त्यांचा हात तिरका गेला आणि नळी मोडली. फुस्स करून हवा आत गेली. अशी ट्यूब परत जोडता येत नाही. ती गेली की गेली.

बाईचा फोन आला तेव्हा मी आईचा पाय शेकत होते. भावानं मोटरसायकलवर पूर्ण्याला सोडलं. सासरे हॉलच्या बाहेर पायरीवर बसले होते, पिशवी दोन पायांच्या मधे. समोरून कंटेनर जात होते, धूळ त्यांच्या अंगावर येत होती. मी आधी त्यांचे हात बघितले.

"बाबा, लागलं का कुठे?"

"न्हाय."

मी शेजारी बसले. त्यांनी पिशवीचे बंद ओढून सारखे केले. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "कवापासून?"

खोटं बोलायचं तर तेव्हाही बोलता आलं असतं. "पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले.

"नवऱ्याला म्हाईत हाय?"

"हो."

"मालकाला?"

"हो."

"म्हंजे मनाच तेवडं म्हाईत नव्हतं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बाबा..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. आवाज चढवला नाही. बारा वर्षांत कधीच चढवला नव्हता. "बाय, मी तुना काय शिकवलं? फॉल्ट दिसला का मालकाला सांगायचा. नीट होवो न होवो. झाकून ठिगल लावायचं न्हाय. या हाताचा मालक कोन हाय? मी हाय ना?"

मला रडू यायला लागलं. ते उठले, पिशवी उचलली, आणि ती माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्यांनी मला ती उचलू दिली नव्हती.

आठ दिवसांनी त्यांना ठाण्याला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना बोळातून चालवलं, अंगठा आणि बोट टकटक आपटायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. नावाची अक्षरं पुढे पुढे बारीक होत गेली, शेवटचं तर मुंगीएवढं. मेंदूतलं एक द्रव्य कमी होत जातं, असं त्यांनी समजावलं. बरं होणारं नाही, पण गोळ्यांनी थरथर ताब्यात राहते. मग सहज विचारलं, "कधीपासून आहे हे? आधी का नाही आणलंत? इतके महिने त्यांना त्रास तरी झाला नसता."

नवरा माझ्याकडे बघू लागला, मी जमिनीकडे. सासरेच म्हणाले, "माज्या ध्यानात न्हाय आलं, साहेब." त्यांनी आम्हाला वाचवलं. त्याचा त्रास मला अजून होतो.

गोळ्यांनी फरक पडला. ग्लास एका हातानं धरता यायला लागला, शर्टाची बटणं लागायला लागली. मी म्हणाले, "बाबा, उद्या येता का दुकानात? नुसतं बसायला." ते म्हणाले, "बसायला घर हाय." परत विचारलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

मालकानं ट्यूबबद्दल शब्द काढला नाही. त्या मशीनमध्ये त्यानं चपटा स्क्रीन बसवून घेतला, त्याची चौकट निराळी, त्याला रुईचा त्रास नाही. बाकीच्या पाचांसाठी मी जाते. स्टूल ओढून बसते, बघते, मग हात लावते.

गेल्या महिन्यात मात्र मी खरंच अडले. मालकानं हॉलची मांडणी बदलली होती आणि दोन मशिनं बरोब्बर मधल्या पट्ट्यात आपोआप दाबली जात होती. रुई नाही, ऊन नाही, अर्थिंग ठीक. एक बंद केलं की दुसरं बरं चालायचं. दोन दिवस डोकं चालेना. रात्री जेवताना मी सासऱ्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय असेल बाबा?"

त्यांनी ऐकलं. मधे एकदा काहीतरी विचारण्यासाठी त्यांनी तोंड उघडल्यासारखं मला वाटलं, पण ते नुसतं मला वाटलं असेल. मग म्हणाले, "खरंच अडलंय, का मना बरं वाटावं म्हनून इचारतीस?"

"खरंच अडलंय, बाबा."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मशीनकडे बघायचे तसे, कुठे काय होतंय ते शोधत. मीही नजर हलवली नाही. पण मी त्यांना इतके महिने याच चेहऱ्यानं सांगत आले होते की सगळं बरं चाललंय.

"तुना येतं सगलं," ते म्हणाले आणि ताटाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मला फॉल्ट सापडला. दोन्ही मशिनं समोरासमोर आली होती आणि एकाचा उजेड दुसऱ्याच्या डोळ्यांत जात होता. एक मशीन हातभर सरकवलं, झालं. घरी आले तेव्हा ते जेवायला बसले होते. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी भाकरी वाढली. परत थरथरू लागलेला उजवा हात मांडीखाली दाबून ते डाव्या हातानं जेवत होते.